बिनपाटीचे लायलॅक: जात कुठली, वाढणार किती? प्रकल्प नोंदी

भिंतीपासून ११० सेमीवर लायलॅकचे, म्हणजे सुवासिक घोसांच्या फुलझाडाचे, एक झुडूप आहे. नावाची पाटी नाही, लावल्याचे वर्ष कुठे लिहिलेले नाही. मागच्या खिडकीची खालची कड जमिनीपासून १४० सेमीवर. झाड इथेच ठेवायचे की हलवायचे, एवढे ठरवायचे आहे. लायलॅकमध्ये दीड मीटरवर थांबणारी झुडपे आहेत आणि आठ-नऊ मीटरचे वृक्षही आहेत, तेव्हा नुसत्या आजच्या उंचीवरून काहीच ठरत नाही.

सामान: मिमीच्या खुणांची स्टीलची पट्टी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, सिकेटर (छाटणीची कात्री), छाटणीची करवत, खुरपे, १२०, २४० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, रंगीत दोरा, पांढरा कागद, वही, पेन्सिल.

१८ फेब्रुवारी

पाने नाहीत. आधी हे लायलॅकच आहे ना, ते तपासले. डोळे (न उमललेले कोंब) काडीवर समोरासमोर. पान गळल्याची खूण ढालीसारखी आणि तिच्यात एकच वाकडी रेघ. काडी उभी चिरली तर भेंड, म्हणजे आतला गाभा, पांढरे आणि भरीव. फोर्सिथियाच्या भेंडात कप्पे दिसतात आणि हनीसकलच्या बऱ्याच झुडपांची काडी पोकळ निघते, म्हणून ती दोन्ही बाद. वाळलेली बोंडे शेंड्यांवर शिल्लक होती. तपकिरी, लांबट, टोकाकडून दोन फाकांत उलगडलेली. प्रिवेट (लायलॅकच्याच कुळातले कुंपणाचे झुडूप) असते तर काळी गोल फळे असती. म्हणजे लायलॅक नक्की.

दुसरी गोष्ट शेंड्याची. काडीच्या टोकाला एक डोळा नाही, शेजारी शेजारी दोन आहेत. हे महत्त्वाचे आहे. व्हिलोसा, जोसिकिया या लायलॅकच्या जाती आणि त्यांचे प्रेस्टन संकर यांच्या काडीला टोकाचा खरा एकटा डोळा असतो आणि फुलोरा त्यातूनच निघतो. इथे जोडी आहे म्हणजे तो अख्खा गट पहिल्याच दिवशी वजा झाला. खोडाची साल चेरीसारखी चकचकीत नाही, आडव्या रेघाही नाहीत, म्हणून वृक्ष-लायलॅकही वजा.

मापे: सर्वांत उंच काडी १७२ सेमी. मधला दाट भाग १२८ सेमी. पसारा एका बाजूने १४५, दुसऱ्या बाजूने १३८ सेमी.

बोंडांबद्दल वहीत एक शब्द लिहिला होता: ‘खडबडीत’. त्याचा अर्थ त्या दिवशी लावला नाही आणि पुढचे दोन महिने त्याची किंमत मोजली.

वेळ: ५० मिनिटे.

नावाबद्दल एक सूचना. ‘पर्शियन लायलॅक’ म्हणून शोध घेतला तर बकाण निंबाची माहिती समोर येते. तो कडुनिंबाच्या कुळातला, संयुक्त पानांचा. आपले लायलॅक मोगरा आणि जाई-जुईच्या कुळातले, आणि दोनचार अपवाद सोडले तर साध्या, अखंड पानांचे. शोधताना ‘सिरिंगा’ हे शास्त्रीय नाव वापरावे.

२३ फेब्रुवारी

पानांसाठी एप्रिलपर्यंत थांबायला नको म्हणून ४० सेमीच्या पाच काड्या कापून उबदार खोलीत पाण्यात ठेवल्या. काडीचे बूड ३ सेमी उभे चिरले, पाणी दर दोन दिवसांनी बदलले. कापायला सोप्या म्हणून बाहेरच्या उंच, सरळ काड्याच घेतल्या.

१४ मार्च

एकोणीस दिवसांत पाने आली. उपयोग शून्य. खोलीत फुटलेले पान पातळ, फिकट आणि लहान राहते. २.५ ते ४ सेमीची पाने मोजून ‘बुटकी जात’ असे लिहिले आणि संध्याकाळी खोडून टाकले, कारण ती पाने अजून पुरी उलगडलेलीच नव्हती. लव तपासावी तर कोवळ्या पानावरची लव पुढे टिकते की झडते हे त्या अवस्थेत कळत नाही. पाण्यातल्या काडीवरून फार तर पानाचा आकार आणि बुडाची ठेवण पाहावी, माप घेऊ नये. इथे बूड हृदयाकार दिसले, तेवढेच नोंदले.

२९ मार्च

डोळे फुगले आहेत. पाने येण्याआधी मागच्या तीन वर्षांची वाढ मोजून घेतली. झाडाचे वय आणि वेग त्याच्याच अंगावर लिहिलेले असतात, फक्त वाचायची जागा माहीत हवी.

लायलॅकमध्ये शेंडा मरतो आणि खालची जोडी फुटते, म्हणून दर वर्षाच्या सीमेवर काडीला दुबेळके येते. त्याच्या बुडाशी डोळ्यावरची खवले गळल्याच्या बारीक कड्या दिसतात, चार-पाच एकाला एक चिकटून, दोरा गुंडाळल्यासारख्या. सीमेच्या वर सालीचा रंग उजळ, खाली राखाडी. ज्या फांदीला फुले आली होती तिच्या दुबेळक्यात फुलोऱ्याचा वाळका देठ अडकलेला असतो. या तीन खुणांपैकी दोन तरी जुळल्याशिवाय सीमा धरली नाही. जोमदार काडी एकाच हंगामात दोनदा वाढते आणि मध्ये खोटी कडी दिसते. तिथे दुबेळके नसते, त्यावरून ती ओळखता येते.

उंच काड्यांची वाढ: ६१, ५८ आणि ४९ सेमी, सर्वांत अलीकडची शेवटी. दोन पेरांतले अंतर ५ ते ७ सेमी.

मधल्या दाट भागातल्या बारा काड्यांची सरासरी: १७, १३ आणि ११ सेमी. दोन पेरांतले अंतर १.५ ते २ सेमी.

एकाच झाडाच्या दोन काड्यांत सुमारे चौपट फरक आहे. त्याच वेळी शंका यायला हवी होती. त्याऐवजी ‘उन्हाची बाजू जास्त वाढली’ असे लिहून पान उलटले.

२० एप्रिल

पाने पुरती उलगडली. वीस पाने मोजली. लांबी ७ ते ११ सेमी, रुंदी ५ ते ८ सेमी, बूड हृदयाकार, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, देठ २ ते ३ सेमी. सगळे सामान्य लायलॅकशी, म्हणजे सिरिंगा वल्गॅरिसशी जुळले. ते चार ते सहा मीटर वाढते, तीन-चार मीटर पसरते आणि मुळांतून फुटवे काढत सरकते. ११० सेमीवर ते चालणारच नाही. हलवायचे ठरवले.

चूक अशी, की वीसच्या वीस पाने उंच काड्यांची होती. डोळ्यांसमोर तीच येतात आणि तोडायलाही तीच सोपी. नमुना घेताना झाडाचे चार भाग करावेत: बुडाचे फुटवे, मधला दाट भाग, फुलोरा आलेल्या काड्या, सावलीची बाजू. प्रत्येकातून पाचपाच पाने, आणि तीही काडीच्या मधल्या तिसऱ्या-चौथ्या जोडीची. बुडाची पहिली जोडी नेहमीच लहान असते, शेंड्याची अर्धवट असते.

२७ एप्रिल

झाड हलवण्यासाठी मुळांचा गोळा किती मोठा घ्यावा लागेल ते पाहायला बुंध्याभोवतीची माती काढायला घेतली. पालापाचोळा आणि मातीचा १० सेमीचा थर बुंध्यावर चढलेला होता. खुरप्याने वरचा थर काढला, पुढे हाताने, आणि शेवटी झारीच्या बारीक धारेने धुतले. बुंध्याजवळ खुरपे चालवू नये. साल कोवळी असते आणि जखम तिथेच होते.

मातीखाली ६ सेमीवर बुंध्याला गाठ निघाली. तिच्या वर साल बारीक भेगांची, गडद राखाडी. खाली साल सपाट, फिकट. गाठीच्या वरून अकरा फांद्या निघतात, त्या सगळ्या दाट भागाच्या. गाठीच्या खालून सात काड्या, त्या सगळ्या उंच. म्हणजे कलम. वर एक जात, खाली खुंट दुसऱ्या जातीचा, आणि गेली तीन वर्षे खुंट बेलगाम वाढतो आहे.

दोन रोपे एकाच खड्ड्यात लावलेली असू शकतात, म्हणून तेही तपासले. बोटाने माती मोकळी करत सातही काड्यांचा माग घेतला. पाच थेट गाठीखालच्या बुंध्याला जोडलेल्या, दोन मुळांवर, बुंध्यापासून १२ आणि १९ सेमीवर. सर्व एकाच मुळाच्या. दोन रोपे नाहीत.

खुंट कुठला ते पानांवरून कळते. लायलॅकचे कलम सामान्य लायलॅकच्या रोपावर बांधतात, तसेच प्रिवेटवरही. प्रिवेटचा फुटवा असता तर पान लहान, चकचकीत, जाडसर आणि बुडाशी निमुळते असते. इथे हृदयाकार आहे, म्हणून खुंट सामान्य लायलॅकचा. हे कळणे बरे. प्रिवेटवरची कलमे पुढे पिवळी पडत खंगतात, तो धोका इथे नाही.

२० तारखेचा निष्कर्ष रद्द. मोजली ती खुंटाची पाने. पाण्यात ठेवलेल्या काड्याही खुंटाच्या. दोन महिन्यांत झाडाच्या ज्या भागाबद्दल प्रश्न होता, त्याचे एकही पान मोजलेले नव्हते. बिनपाटीच्या झाडाची ओळख बुंध्यापासून सुरू करावी. अर्ध्या तासाची माती काढण्याने इथे नऊ आठवडे वाचले असते.

फुटवे लगेच काढले नाहीत. फुलांशी तुलना करायची होती. सातही काड्यांना लाल दोरा बांधला. माती परत लोटली, पण गाठ उघडी ठेवली, म्हणजे पुढचे फुटवे लगेच दिसतील.

वेळ: २ तास १० मिनिटे.

३ मे

आता फक्त गाठीच्या वरच्या भागाची पाने. चार दिशांनी पाच, एकूण वीस. लांबी २.२ ते ४.१ सेमी, रुंदी १.६ ते ३ सेमी. आकार लंबगोल, काही जवळजवळ गोल. बूड रुंद पाचरीसारखे, हृदयाकार एकही नाही. देठ १ सेमीच्या आतबाहेर. कडेला जांभळट झाक.

शिरांनी खरे काम केले. पान उजेडासमोर धरले की बुडापासून दोन जोड्या शिरा निघून कडेला समांतर वळत जवळजवळ टोकापर्यंत जाताना दिसतात. पानाच्या आत दुसरे पान काढल्यासारखे. सिरिंगा मेयेरी या लहान पानांच्या लायलॅकची ही ओळख आहे. पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेच्या बुडाशी किंचित लव. बाकी पाठ साफ. नवी काडी गोल नसून किंचित चौकोनी. बोटांत फिरवली की कडा लागतात.

लहान पानांचे लायलॅक म्हणजे एकच जात नव्हे. ज्यांच्याशी गोंधळ होतो त्या तीन जाती समोर ठेवल्या. ‘मिस किम’ ही सिरिंगा प्युबेसेन्स या जातीच्या पॅटुला उपजातीची निवड. पान ५ ते १० सेमी, म्हणजे इथल्यापेक्षा मोठे, पाठीवर लव जास्त. कोरियातून १९४७ मध्ये आणलेल्या बियांतून ती निघाली आणि १९५४ मध्ये बाजारात आली. बुटकी म्हणून विकली जाते, पण वयानुसार दोन-अडीच मीटरला जाते. पाटीवरचा आकडा आणि पंधरा वर्षांनंतरचे झाड यांत फरक पडतो, त्याचे हे ठळक उदाहरण. दुसरी प्युबेसेन्सच्याच मायक्रोफिला उपजातीची ‘सुपर्बा’. पान लहान असते, पण शिरांची ती समांतर जोडी नसते, वाढ सैल आणि पसरट, उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा भरभरून फुले. तिसरी मेयेरीची ‘पालिबिन’: उंची साधारण १.२ ते १.५ मीटर, पसारा उंचीपेक्षा जास्त, अगदी लहान असल्यापासून फुलते.

पाने पालिबिनकडे बोट दाखवतात. आणि १८ फेब्रुवारीचा तो ‘खडबडीत’ शब्द आता वाचला. सामान्य लायलॅकचे बोंड गुळगुळीत असते. मेयेरी आणि प्युबेसेन्स यांच्या गटात बोंडावर बारीक चामखिळी असतात. बोंडे दाट भागावरच होती, उंच काड्यांवर एकही नव्हते. उत्तर पहिल्या दिवशी हातात होते.

फोटोवरून झाड ओळखणारे एक ॲपही वापरून पाहिले. फुटव्याच्या फोटोवर सामान्य लायलॅक, दाट भागाच्या फोटोवर प्रिवेट, अख्ख्या झाडाच्या फोटोवर पुन्हा सामान्य लायलॅक. पहिले उत्तर त्या काडीपुरते बरोबरच आहे. काडी कुठून निघाली हे फोटोला कळत नाही, ते आपणच पाहायचे.

२४ मे

दाट भाग फुलला. फुटव्यांवर फूल नाही, आणि तीन वर्षांच्या काड्यांवर ते अपेक्षितही नव्हते.

घोस ८ ते १० सेमी, प्रत्येक शेंड्याला जोडीने आणि खालच्या बगलांतूनही, म्हणून फांदी बुडापर्यंत फुललेली दिसते. कळी गडद जांभळी, उमलल्यावर फिकट गुलाबी-जांभळी. नळी बारीक, १.३ सेमी. एक फूल उभे चिरून भिंगाखाली धरले. परागकोश जांभळे, नळीच्या तोंडाच्या आत दडलेले. सामान्य लायलॅकमध्ये ते पिवळे असतात आणि नळीच्या तोंडाशी पिवळा ठिपका म्हणून नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. पानांवरून शंका उरली असेल तर हा एक तपास पुरेसा आहे, आणि त्याला दोन मिनिटे लागतात. फूल ताजे हवे. दोन दिवस उलटले की परागकोश उघडतात, पराग सांडतो आणि रंगाने फसायला होते.

रंग आणि वास यांवरून जात ठरवू नये. फुलाचा रंग ऊन आणि तापमान पाहून बदलतो, उमलल्यापासून सुकेपर्यंतही बदलतो. शेकडो नावाजलेल्या वाणांत तो कितीतरी वेळा सारखाच आहे.

८ जून

फुले संपली. आता फुटवे काढायचे.

जून-जुलैमध्ये पुढच्या वर्षाचे फुलांचे डोळे तयार होतात, म्हणून लायलॅकवरचे कापाकापीचे काम फुले सुकल्यावर दोन-तीन आठवड्यांत उरकावे. हिवाळ्यात छाटले तर फुलेच कापली जातात, आणि ज्याची ओळख पटवायची आहे त्याचा मोठा पुरावा वर्षभरासाठी जातो.

पेन्सिलीएवढे जाड तीन फुटवे हाताने ओढून उपटले: बुडाशी धरून बाहेरच्या बाजूला झटका. त्यांच्याबरोबर सालीची लहान टाच निघून आली, आणि तीच हवी होती, कारण सुप्त डोळे त्या टाचेत असतात. उरलेले चार अंगठ्याएवढे जाड होते. ओढून निघेनात, तेव्हा सिकेटरने जमिनीलगत कापले. थकवा आला होता, माती पुन्हा काढायचा कंटाळा केला.

३० जून

कापलेल्या चारही जागी नवे फुटवे, एकेका खुंटीवर तीन ते पाच. उपटलेल्या तीन जागी काही नाही. माती पुन्हा काढली, करवतीने चारही खुंट्या बुंध्याला आणि मुळाला भिडवून काढल्या आणि कापाची कड चाकूने गुळगुळीत केली. मुळावरच्या दोन फुटव्यांसाठी १९ सेमीपर्यंत चर काढावा लागला. तणनाशक लावले नाही. खुंट आणि कलमाची मुळे एकच, फुटव्याला दिलेले औषध कलमालाही पोचते.

फुकट गेलेला वेळ: दीड तास, आणि तीन आठवड्यांची वाढ.

५ जुलै

दाट भागात एक फांदी पालवलीच नाही. नखाने साल खरवडली तर आत तपकिरी, कोरडी. मेलेली आहे, मग वय मोजायला हीच. आधी ३० सेमी उंचीवर कापली, कारण तिथे करवत सहज बसते. वलये सात. मग गाठीच्या ३ सेमी वर कापली तर नऊ. पहिल्या दोन वर्षांत ती फांदी ३० सेमीपर्यंत पोचलीच नव्हती. वय नेहमी शक्य तेवढे खाली मोजावे.

मोजण्याची रीत: चकती २ सेमी जाड, १२०, २४०, ४०० असा पॉलिश पेपर, वर पाण्याचा हात, तिरपा उजेड. लायलॅकचे लाकूड घट्ट असते, कोरडे असताना बाहेरची वलये एकमेकांत मिसळतात. ओले केले की सुटी दिसतात. मध्यापासून बाहेर दोन वेगवेगळ्या रेघांवर मोजले, दोन्हीकडे नऊ आले.

चकतीचा व्यास २४ मिमी. आतली पाच वलये प्रत्येकी १.७ मिमीच्या आसपास, बाहेरची चार ०.६ मिमी. वेग मंदावला तो चार वर्षांपूर्वी. फुटव्याच्या चकतीत वलये तीन. म्हणजे फुटवे येण्याच्या आधीच कलमाची वाढ हळू झाली होती, सगळा दोष खुंटाचा नाही. पण ही फांदी मरणाऱ्या फांद्यांपैकी, तिच्या शेवटच्या वलयांवर फार भार टाकला नाही.

एवढे मात्र पक्के: वरचा भाग निदान नऊ वर्षांचा आहे आणि उंची १२८ सेमी. सामान्य लायलॅक वर्षाला ३० ते ६० सेमी वाढते. नऊ वर्षांत ते खिडकीच्या वर गेले असते.

१२ जुलै

पूर्ण वाढीचा अंदाज. नुसती काडीची लांबी बेरीज करत गेले तर आकडा फुगतो, कारण काड्या तिरप्या जातात आणि दुबेळके होऊन वाकतात. म्हणून दाट भागातली सर्वांत उंच फांदी घेतली आणि प्रत्येक वर्षाच्या सीमेची जमिनीपासून सरळ उभी उंची मोजली. तीन वर्षांपूर्वी १०१ सेमी, मग ११२, मग १२१, आणि या हंगामाच्या सुरुवातीला १२८. वाढ ११, ९, ७. दर वर्षी आधीच्या सुमारे ०.८ पट.

हाच दर पुढे धरला तर ५.६, ४.५, ३.६ असे मिळवत जायचे. सगळी बेरीज २८ सेमीच्या पुढे जात नाही. १२८ अधिक २८, १५६ सेमी. मेयेरी उंचीपेक्षा पसरट होते, पसारा उंचीच्या सव्वापट धरला तर १९५ सेमी. जातीबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी दोन्ही आकडे जुळतात.

हा हिशेब केव्हा वापरू नये: झाड पाच वर्षांच्या आतले असेल तर, मागच्या तीन वर्षांत जोरात छाटले असेल तर, किंवा ते सावलीत असेल तर. सावलीत लायलॅक उंच, उघडेबोडके आणि कमी फुलांचे होते. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर वेग खोटा येतो. इथे साडेसहा तास मिळतात, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी दर तासाला पाहून लिहिले.

१६ ऑगस्ट

खुंटाचे दोन नवे फुटवे मुद्दाम महिनाभर ठेवले होते. त्यांच्या पानांवर भुरी (बुरशीचा रोग) आली, पांढरी पूड बोटाला लागते. त्याला चिकटून असलेल्या कलमाच्या पानांवर काहीच नाही. सामान्य लायलॅकला उन्हाळ्याच्या शेवटी भुरी येणे नेहमीचे, मेयेरी तिला दाद देत नाही. हा जोडपुरावा. एकट्या भुरीवरून जात ठरत नाही. फोटो काढून दोन्ही फुटवे उपटले.

११ सप्टेंबर

दोन लहान घोस आले, प्रत्येकी ४ सेमी. अख्ख्या झाडावर दोनच. पुन्हा पुन्हा फुलण्यासाठी तयार केलेल्या जाती या काळात भरून येतात. दोन घोसांनी निष्कर्ष बदलला नाही.

१९ ऑक्टोबर

पाने पिवळसर होऊन गळत आहेत. ‘मिस किम’ची पाने या दिवसांत रेड वाइनसारखी लाल-जांभळी होतात. इथे तो रंग नाही. तेही नाव खोडले.

हंगामाची शेवटची मापे: उंची १३६, पसारा १५३ सेमी. अंदाज ५.६ सेमीचा होता, वाढ झाली ८. फुटवे गेल्यावर ऊन-पाणी कलमाला मिळाले, त्याचा हा परिणाम. हिशेब नव्याने मांडला: ८ पासून ०.८ पटीने, १३६ अधिक ३२, १६८ सेमी. आता वहीत एक आकडा न ठेवता टप्पा लिहिला आहे: उंची १५५ ते १७०, पसारा १९५ ते २१०.

भिंतीपासून ११० सेमी आणि अर्धा पसारा जास्तीत जास्त १०५. झाड बसते. हलवायचे नाही. खिडकीची खालची १५ ते ३० सेमी झाकली जाईल. त्यासाठी शेंडे सरसकट कापायचे नाहीत. दर वर्षी फुले संपताच सर्वांत जुन्या एक-दोन फांद्या गाठीच्या वरून, बुडातून काढायच्या.

२६ ऑक्टोबर

पाटी केली. अ‍ॅल्युमिनियमची मऊ पट्टी, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून कोरलेली. मार्करची अक्षरे उन्हात उडतात, कोरलेली राहतात. मजकूर: ‘सिरिंगा मेयेरी, पालिबिन प्रकार. सामान्य लायलॅकवर कलम, जोड मातीखाली ६ सेमी, उघडा ठेवावा. गाठीखालचे काहीही उपटावे.’ पट्टी फांदीला तारेने बांधली नाही, फांदी जाडावली की तार सालीत रुतते. लोखंडी सळीला लावून झाडाच्या भिंतीकडच्या बाजूला रोवली.

वहीत पुढच्या तारखा टाकल्या: मार्चअखेर सीमांची उंची, फुलताना परागकोश पुन्हा एकदा, जूनमध्ये गाठीखालची पाहणी.